गॅमा किरण स्फोट : भूस्थित दुर्बिणींतून शोध

दूरच्या दीर्घिकेत महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळला किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले, की गॅमा किरणांचा प्रखर झोत बाहेर पडतो. तो बहुधा काही सेकंदच टिकतो. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते, म्हणून स्फोटाची पहिली वर्दी उपग्रहच देतात. मागे क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरींत मंदावत जाणारी पश्चदीप्ती उरते. तिचे अंतर आणि स्वरूप ठरवण्याचे काम मुख्यतः जमिनीवरील दुर्बिणींकडे येते. पहिली दृश्य पश्चदीप्ती २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर सापडली.

या शोधातील महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्या जिथून आल्या असाव्यात त्या आकाशभागात हवाईतील ॲटलास सर्वेक्षणाला झपाट्याने विझणारा बिंदू दिसला, आणि तोच लहरींचा उगम का, असा प्रश्न उभा राहिला. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय उपकरणात मात्र ५ जानेवारीचा एक गॅमा किरण स्फोट नोंदला गेला होता. हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडले. त्याची माहिती पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हाताळली जाते. खगोलशास्त्रज्ञ वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी अनेक दुर्बिणींची निरीक्षणे जुळवून तो बिंदू या स्फोटाची पश्चदीप्ती असल्याचे दाखवले. गुरुत्वीय लहरींशी त्याचा संबंध नव्हता. चुकीचा उमेदवार असा पुराव्यानिशी बाद करणे हे नव्या शोधाइतकेच मोलाचे आहे.

असा शोध वेळेशी बांधलेला असतो. युरोप-अमेरिकेत दिवस असताना भारतात रात्र असेल, तर पश्चदीप्तीचे पहिले तास येथूनच टिपता येतात. आयआयटी मुंबई आणि बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंमी. व्यासाची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण त्यासाठीच लडाखमधील हान्ले येथे २०१८ पासून काम करते.

रेडिओ पश्चदीप्तीला इतकी घाई नसते. २९ मार्च २००३ च्या तेजस्वी स्फोटाचा मागोवा नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने आणि नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क दुर्बिणीने स्फोटानंतर ११२८ दिवसांपर्यंत घेतला.

अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचा माग मात्र जमिनीवरूनही काढता येतो; ते वातावरणात शिरले, की कणांचा वर्षाव होऊन क्षणभर निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश उमटतो. ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणी १४ जानेवारी २०१९ रोजी एका स्फोटानंतर सुमारे मिनिटभरात त्या दिशेला वळल्या आणि टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टप्प्यातील किरण त्यांना मिळाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हान्ले येथे सुमारे ४३०० मी. उंचीवर उभारलेली, २१ मी. व्यासाची मेस दुर्बीण याच तत्त्वावर चालते. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.