हेलिकॉप्टरचा कार्गो हुक आपोआप का उघडतो?

३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथमधलं एक बिघडलेलं हेलिकॉप्टर हवाई दलाच्या एमआय-१७ खाली लटकवून गौचरला नेलं जात होतं. वजन आणि वाऱ्यामुळे एमआय-१७ चा तोल जाऊ लागला, तेव्हा वैमानिकाने लिंचोलीजवळ ओझं सोडून दिलं. जीवितहानी झाली नाही. हे सोडणं जाणूनबुजून होतं, आणि हुक त्यासाठीच तसा बनवलेला असतो. पण कधीकधी कोणीच बटण दाबलेलं नसतं, तरीही ओझं खाली जातं. असं का होतं?

हुकमध्ये ओझं पेलणारा एक दांडा असतो आणि त्याला आतून एक खिटी अडवून धरते. खिटी सुटली की ओझ्याच्या वजनानेच दांडा खाली झुकतो आणि कडी निसटते. खिटी सोडवायच्या वाटा साधारण तीन: वैमानिकाच्या दांड्यावरचं विजेचं बटण, वीज गेली तर वापरायची यांत्रिक केबल, आणि जमिनीवरच्या माणसासाठी हुकवरच असलेला खटका. यातली कोणतीही वाट नकळत उघडू शकते.

माझ्या मते सगळ्यात फसवी वाट केबलची. ती सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखी, नळीतून जाणारी असते. हुक मात्र स्थिर नसतो, ओझ्याबरोबर मागेपुढे, डावीउजवीकडे झुलतो. केबलला पुरेशी ढील ठेवली नसेल, तर हुक टोकाला झुलला की ती ताणली जाते आणि खिटी सुटते. हँगरमध्ये सरळ लोंबणारा हुक तपासला तर सगळं ठीकच दिसणार!

विजेच्या बाजूला घासलेली वायर, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, अडकलेलं बटण हे नेहमीचे संशयित. बाहेरच्या रेडिओ लहरींचाही धोका धरलेला आहे: अमेरिकेच्या २७.८६५ आणि २९.८६५ या प्रमाणन नियमांनुसार हुक सोडण्याच्या यंत्रणेला विद्युतचुंबकीय हस्तक्षेप आणि वीज पडणं यांपासून संरक्षण असावंच लागतं.

आणखी एका प्रकारात तर खिटी सुटतच नाही. कडी चुकीच्या मापाची असेल किंवा एकाच हुकात अनेक कड्या कोंबल्या असतील, तर दोर क्षणभर ढिला पडल्यावर कडी पलटी खाऊन दांड्याच्या टोकावर चढते. तिथे तोंड बंद ठेवणारी स्प्रिंगची पट्टी असते. पुन्हा ताण आला की कडी ती पट्टी दाबून बाहेर! म्हणून कडी आणि हुक यांची जोडी उत्पादकाने सांगितलेलीच वापरायची असते.

मग अहवालात ‘कारण सापडलं नाही’ असं का येतं? कारण अनेक हुकांमध्ये ओझं गेल्यावर स्प्रिंग दांड्याला परत जागेवर आणते. खाली उतरल्यावर हुक बंद आणि धडधाकट दिसतो. बटण दाबलं गेलं का, याची नोंद बऱ्याच लहान हेलिकॉप्टरांत होतच नाही. पाणी वाळून गेलेलं असतं. उरतं ते एकेक शक्यता खोडत जाणं: हुक हाताने सगळ्या दिशांना टोकापर्यंत झुलवून केबलची ढील बघणं, वायर हलवत मीटर लावणं, कडीवर आणि पट्टीवर ओरखडे शोधणं. यातली केबलची तपासणी तर उड्डाणाआधीच, दोन मिनिटांत होते.