इंटरकूलर केवढा घ्यावा?

परवा एका मित्राने विचारलं, "अरे, माझ्या टर्बो गाडीचा इंटरकूलर बदलायचाय. मोठ्यात मोठा घेऊन टाकू ना?" उत्तरादाखल मी त्याला एका विमानाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

लॉकहीडचं पी-३८ लायटनिंग पहिल्यांदा उडालं २७ जानेवारी १९३९ ला. दोन इंजिनं, दोन्हींना टर्बोचार्जर. आता हवा दाबली की ती तापते (सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, तेच). २५,००० फुटांवर बाहेर साधारण उणे ३५ अंश सेल्सिअस असतं. ती हवा दाबून समुद्रसपाटीच्या दाबाला आणली, तर कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरून ती ८५ अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद कमी. शिवाय सिलिंडरमधलं मिश्रण नको तेव्हा पेटून पिस्टन फुटायची भीती. म्हणून मध्ये इंटरकूलर.

लॉकहीडने इथे एक झकास युक्ती केली. पंखाची पुढची पोकळ कड हाच इंटरकूलर! वेगळी पेटी नको, वाऱ्याला जास्तीचा अडथळा नको. पण हे गणित सुमारे १,००० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी होतं. पुढे इंजिनं वाढली, पंखाची कड मात्र तेवढीच राहिली. उंचीवर इंजिनात ताकद असूनही ती पूर्ण वापरता येईना. त्यात त्या कडेला गोळी लागली की दुरुस्ती कटकटीची.

१९४३ मध्ये पी-३८जे आलं. त्यात रेडिएटरसारखा इंटरकूलर इंजिनाखाली, ऑइल कूलरांच्या मधे बसवला. वाऱ्याचा विरोध थोडा वाढला, पण उंचीवर प्रत्येक इंजिनाची १,४२५ अश्वशक्ती मिळू लागली. रिकाम्या झालेल्या कडांमध्ये प्रत्येकी ५५ गॅलनच्या इंधनटाक्याही बसल्या.

प्रश्न सुटला? नाही. युरोपच्या हिवाळ्यात, बॉम्बर विमानांच्या सोबतीने तासन् तास कमी ताकदीवर उडताना हाच इंटरकूलर हवा नको इतकी थंड करू लागला. गार हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. अशात शत्रू दिसला आणि वैमानिकाने एकदम थ्रॉटल उघडला, तर इंजिन दगा देऊ शकायचं. तिथल्या इंजिनबिघाडांना इतरही कारणं होती, पण हे एक होतं. ३ मार्च १९४४ ला बर्लिनवर पोचलेली पहिली अमेरिकन लढाऊ विमानं पी-३८च होती, तरी त्याच वर्षी इंग्लंडमधल्या आठव्या हवाईदलाने त्यांच्या जागी बहुतेक पी-५१ आणली. तिकडे पॅसिफिकच्या उबदार हवेत मात्र रिचर्ड बाँगने आपली चाळीसच्या चाळीस विमानं पी-३८ मधूनच पाडली.

म्हणजे इंटरकूलर चांगला की वाईट हे एकट्या इंटरकूलरवरून ठरत नाही. इंजिन किती हवा ओढतं, कुठे आणि कसं चालतं, यावर ठरतं. गाडीतही विनाकारण मोठा बसवला की भरायची जागा वाढते, आणि पाय दाबल्यावर टर्बोचा दाब यायला वेळ लागतो.

मित्राला विचारलं, "गाडी चालवतोस कुठे?"

"घर ते ऑफिस."

"मग आहे तो पुसून स्वच्छ ठेव!"