गॅस शेगडीची घरगुती दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्या वेळी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांच्या खेड्यापाड्यांत स्वयंपाक मुख्यत्वे चुलीवरच होत असे. १ मे २०१६ रोजी पंतप्रधान उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चित्र झपाट्याने बदलले. योजनेतील आठ कोटीव्या जोडणीचे वितरण ७ सप्टेंबर २०१९ रोजी मराठवाड्यातच, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाले. शेगडी घरोघरी पोहोचली; तिची निगा कशी राखावी याची माहिती मात्र तितक्या वेगाने पोहोचली नाही. शेगडी बिघडली की मेकॅनिक तालुक्याच्या गावाहून येणार. तोवर स्वयंपाक तर थांबत नाही. मग टाचणी, खाद्यतेल, चिकटपट्टी असे हाताशी येईल ते वापरून दुरुस्ती केली जाते. शहरातील स्वयंपाकघरांतही याहून वेगळे घडत नाही. वास्तविक शेगडीचे निम्मे बिघाड घरीच आणि निर्धोकपणे दूर करता येण्याजोगे असतात. उरलेल्यांना हात न लावणे हीच खरी दुरुस्ती होय.

घरचे काम आणि मेकॅनिकचे काम

ही विभागणी ठरविण्याची खूण सोपी आहे. सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी, शेगडीखालील पाईप, बटणामागचा कॉक आणि जेट या मार्गात गॅस बंदिस्त असतो. जेटच्या बारीक छिद्रातून बाहेर पडल्यावर तो हवेत मिसळतो, मिश्रणनळीतून वर जातो आणि बर्नरच्या छिद्रांपाशी जळतो. जेटच्या पुढचा भाग, म्हणजे मिश्रणनळी, बर्नर, ताटली आणि वरचा स्टँड, घरी काढावा, धुवावा, बदलावा. जेटपर्यंतचा भाग मात्र गॅस वितरकाच्या अधिकृत मेकॅनिकचा. तेथे घरच्या माणसाने तपासणी करावी, दुरुस्ती करू नये. बर्नर नीट बसला नाही, तर भांडी काळी होतात. कॉक नीट बसला नाही, तर घर पेटू शकते.

ज्योत काय सांगते?

घरगुती गॅस हे प्रामुख्याने प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. त्याच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग गॅसला सुमारे २५ ते ३० भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की ज्योत निळी, स्थिर आणि आवाज न करणारी असते.

ज्योत पिवळी, लांबट व डोलणारी असेल आणि भांड्यांच्या बुडाला काजळी धरत असेल, तर हवा कमी पडत आहे. अशा अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. ज्योत बर्नर सोडून वर उचलली जात असेल, तर हवा अधिक आहे किंवा गॅसचा दाब जास्त आहे. पेटविताना ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत आत जेटपाशी जळू लागली, तर बर्नर जागेवर नीट बसलेला नाही किंवा त्याची छिद्रे बुजली आहेत असे समजावे. अशा वेळी बटण लगेच बंद करून शेगडी निवू द्यावी. तिखट-हळदीची भुकटी किंवा मिठाचे कण पडल्याने क्षणभर दिसणारी नारिंगी छटा हा बिघाड नव्हे.

बिघाड एकाच बर्नरला आहे की सर्वांना, हेही पाहावे. सर्वच बर्नर मंद जळत असतील, तर सिलिंडर संपत आला असेल, नळीला मुरड पडली असेल किंवा रेग्युलेटर सदोष असेल. थंडीच्या दिवसांत संपत आलेल्या सिलिंडरमधील दाब घटतो. त्यावर उपाय म्हणून सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे ही पद्धत अत्यंत घातक आहे. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.

एकच बर्नर नीट जळत नसेल, तर समान आकाराच्या दोन बर्नरच्या टोप्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष टोपीबरोबर सरकला, तर टोपीच साफ करावयाची आहे. तो जागेवरच राहिला, तर मिश्रणनळीत किंवा जेटमध्ये अडथळा आहे.

बर्नरची सफाई

ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून थेट ज्योतीवर फुगविण्याची रीत मराठवाड्यात घरोघरी आहे. तिचे कोरडे पीठ बर्नरच्या छिद्रांत पडून जळते व घट्ट बसते. उतू गेलेले दूध आणि कुकरमधून उडालेले वरणाचे पाणी त्यात भर घालतात.

सफाईपूर्वी रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी पूर्ण निवू द्यावी. पितळी टोपी गरम पाण्यात चिंच किंवा लिंबू घालून अर्धा तास भिजत ठेवावी व जुन्या दात घासण्याच्या ब्रशने घासावी. ॲल्युमिनियमच्या टोपीस केवळ साबणाचे पाणी वापरावे. सोड्याने ती काळी पडते व झिजते. छिद्रे सुईने हलक्या हाताने मोकळी करावीत, ती रुंद होता कामा नयेत. त्यानंतर टोपी उन्हात पूर्ण वाळवावी. ओली टोपी बसविल्यास ज्योत फडफडते व विझते. बसविताना टोपी खाचेत सपाट बसली आहे, हलत नाही, याची खात्री करावी.

मिश्रणनळी बाटली धुण्याच्या लवचिक ब्रशने साफ करावी. अनेक महिने न वापरलेल्या शेगडीत कोळ्याचे जाळे, झुरळांची अंडी किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घरटे सापडते. ग्रामीण भागात सिलिंडर परवडेनासा झाला की शेगडी बाजूला ठेवून पुन्हा चूल पेटविली जाते. अशी शेगडी पुन्हा वापरात आणताना ही तपासणी अवश्य करावी.

जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि जेट मऊ पितळेचा असतो. त्यात टाचणी वा तार घातली, तर छिद्र मोठे होते, गॅस अधिक सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी पडते. बुजलेला जेट मेकॅनिककडून बदलून घ्यावा. नैसर्गिक वायूच्या शेगडीला याहून मोठ्या छिद्राचे जेट लागतात. त्यामुळे पाईप गॅस असलेल्या शहरात स्थलांतर करणाऱ्यांनी जुनी शेगडी तशीच जोडू नये. गॅस कंपनीकडून जेट बदलून घ्यावेत.

कॉक, लायटर आणि काच

बटण घट्ट फिरू लागले की त्यात खोबरेल किंवा गोडे तेल सोडण्याची सवय सर्वत्र आढळते. हे तेल उष्णतेने चिकट होते व आतील विशिष्ट ग्रीस धुऊन नेते. काही दिवस बटण सैल फिरते आणि नंतर कॉक गळू लागतो. बाहेरची मूठ ओढून काढून धुण्यास हरकत नाही. कॉक मात्र उघडू नये.

स्वयंचलित शेगडीत ठिणगी पडत नसेल, तर प्रथम बॅटरी असल्यास ती बदलावी आणि बर्नरजवळील ठिणगीची कांडी कोरड्या फडक्याने पुसावी. काचेच्या शेगडीवर गरम असताना थंड पाणी ओतू नये. तडा गेलेली काच चिकटवून वापरू नये; ती केव्हाही फुटू शकते.

साबणाच्या पाण्याची परीक्षा

घरी करता येण्याजोगी सर्वांत मोलाची तपासणी हीच होय. शेगडीची सर्व बटणे बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करावा. रेग्युलेटरचा सांधा, नळीची दोन्ही टोके, संपूर्ण नळी आणि शेगडीखालील कॉक यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगू लागले, तर तेथे गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय. साबण गळती दाखवितो, ती थांबवीत नाही. तेव्हा गळक्या जागी साबणाची वडी थापून काम चालवू नये. चिकटपट्टी वा एम-सीलही चालत नाही.

नवीन सिलिंडर जोडताना गळती दिसल्यास बहुधा झडपेतील रबरी कडी झिजलेली किंवा निसटलेली असते. म्हणून सिलिंडर घेऊन येणारी व्यक्ती दारात असतानाच ही तपासणी करून घ्यावी.

रबरी नळी तारेच्या जाळीची, आयएसआय चिन्हाची आणि दीड मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली असावी. ती पाच वर्षांनी बदलावी, त्याआधी चीर पडल्यास तत्काळ. ज्या घरांत ज्वारी, हरभरा, सोयाबीनची पोती साठविलेली असतात, तेथे उंदरांपासून नळीला विशेष धोका असतो. म्हणून ती भिंतीआड किंवा सामानामागे न दडविता डोळ्यांसमोर राहील अशी ठेवावी.

ओव्हनबाबत

गॅसवर चालणाऱ्या ओव्हनमध्ये बर्नर बंदिस्त जागेत असतो. पेटविताना दार उघडे ठेवावे. पहिल्या प्रयत्नात पेटला नाही, तर बटण बंद करून गॅस पूर्ण बाहेर जाऊ द्यावा. बटण सोडताच ज्योत विझत असेल, तर ज्योतीची उष्णता ओळखणारा थर्मोकपल मळलेला किंवा निकामी झालेला असतो. निवल्यावर त्याचे टोक पुसून पाहावे. फरक न पडल्यास तो मेकॅनिककडून बदलून घ्यावा, निकामी करून ओव्हन वापरू नये.

विजेच्या ओव्हनमध्ये केक एकीकडे करपत असेल, तर दाराची रबरी पट्टी तपासावी आणि ओव्हनसाठीच्या तापमापकाने आतील तापमान पडताळावे. दिवा बदलताना प्लग काढावा. मायक्रोवेव्ह मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो.

वास आल्यास

घरगुती गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. वास येताच ज्योत व उदबत्ती विझवावी. विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला टोपी लावावी आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. घराबाहेर जाऊन १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर किंवा वितरकाकडे दूरध्वनी करावा.

देखभालीचे वेळापत्रक

रोज : रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करणे.
दर आठवड्यास : बर्नरच्या टोप्या व ताटल्या धुणे.
दर महिन्यास : मिश्रणनळीची सफाई आणि साबणाच्या पाण्याची परीक्षा. प्रत्येक नवीन सिलिंडर जोडतानाही ही परीक्षा करावी.
दर पाच वर्षांनी : रबरी नळी बदलणे आणि वितरकाकडून संपूर्ण जोडणीची अनिवार्य तपासणी. तपासणीस येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे व पावती घ्यावी.