ग्रेट वेस्टर्न रेल्वे युद्धस्मारक, लंडन

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांचे हे स्मारक पॅडिंग्टन स्थानकाच्या फलाट क्र. १ वर आहे. अनावरण ११ नोव्हेंबर १९२२ रोजी झाले. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर, वास्तुरचनाकार टॉमस टेट. ब्राँझमधील सैनिक शस्त्र उगारत नाही. खांद्यावर ओव्हरकोट, गळ्यात लोकरी मफलर अशा वेशात तो घरून आलेले पत्र वाचतो आहे. जॅगर स्वतः गॅलिपोली व पश्चिम आघाडीवर लढून जखमी झाला होता. शिल्पातील अस्सलपणा त्या अनुभवातूनच आला असावा. युद्धस्मारकांत इतकी आपुलकीची मूर्ती विरळाच. मृतांची नामावली पुतळ्याखालील पेटीत बंद आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृत कर्मचाऱ्यांचाही या स्मारकात पुढे समावेश करण्यात आला.