कायगो फुकुशिशी
कायगो फुकुशिशी : वृद्ध व दिव्यांगांची देखभाल करणाऱ्यांसाठी जपानमधील राष्ट्रीय पात्रता. कायदा १९८७ चा. २००० साली दीर्घकालीन देखभाल विमा सुरू झाल्यावर तिचे महत्त्व वाढले. कामातून शिकत आलेल्यांना तीन वर्षांचा अनुभव, ठरावीक प्रशिक्षण व राष्ट्रीय परीक्षा असा मार्ग आहे. शिकवणीचा भर हातच्या कौशल्यावर असतो. पक्षाघात झालेल्या आजोबांना खाटेवरून उठवायचे, तर चाकांची खुर्ची त्यांच्या धडधाकट बाजूला तिरकी लावायची, ब्रेक तपासायचा, काय करणार ते आधी सांगायचे आणि जेवढे त्यांना जमते तेवढे त्यांनाच करू द्यायचे. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. घाईत तीच सुटते.

पुढची पायरी केअर मॅनेजरची. पाच वर्षांच्या अनुभवानंतर परीक्षा व प्रशिक्षण पूर्ण करणारा हा माणूस वृद्ध, कुटुंब, डॉक्टर आणि सेवासंस्था यांची सांगड घालून देखभालीचा आराखडा आखतो. नेतृत्वाचा खरा कस इथे लागतो. वेतन मात्र इतर उद्योगांच्या सरासरीहून कमी, त्यामुळे मनुष्यबळाची चणचण कायम आहे. जानेवारी २०२१ मधील भारत-जपान करारामुळे भारतीयांनाही या क्षेत्रात काम मिळू शकते. त्यासाठी कौशल्यासोबत जपानी भाषेचीही परीक्षा द्यावी लागते.