डिचोलीचा पूल आणि पत्रादेवीचे स्मारक

मराठी माणसाच्या मनात युद्धाचा इतिहास म्हणजे किल्ल्यांचा इतिहास. गड कोणी घेतला, तो किती दिवस झुंजला, कोणत्या वाटेने माणसे वर चढली, हे आपल्याकडील शाळकरी मुलालाही सांगता येते. पुलांचे तसे नाही. आपल्या सैन्यांनी नद्या ओलांडल्या त्या बहुधा उताराने, नावांनी किंवा पाणी ओसरण्याची वाट पाहून. त्यामुळे एखादा पूल हाती येणे अथवा निसटणे यावर मोहिमेचे भवितव्य अवलंबून असते, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. विसाव्या शतकातील यांत्रिक युद्धाने मात्र पुलाला किल्ल्याची योग्यता आणून दिली. रणगाडे, तोफा आणि रसद घेऊन निघालेल्या सैन्याला खोल पाण्यापुढे थांबावेच लागते.

म्हणूनच युरोपात जिंकलेल्या पुलांची स्मारके झाली. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात बेनूव्हिल या गावी कालव्यावर एक उचलता पूल होता. ६ जून १९४४ रोजी, मध्यरात्र उलटते न उलटते तोच, मेजर जॉन हॉवर्ड यांच्या हाताखालील ब्रिटिश सैनिक ग्लायडरांतून त्या पुलालगत उतरले आणि काही मिनिटांतच त्यांनी तो अभंग ताब्यात घेतला. त्या हवाई दलाच्या बोधचिन्हावर पेगॅसस हा पंखांचा घोडा होता. त्यावरून पुलालाही पेगॅसस पूल हे नाव पडले. पुढे १९९४ साली तेथे नवा पूल आला, तेव्हा जुना मोडीत न काढता जपून ठेवण्यात आला, आणि आज तो जवळच्याच संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीवरील रेमागेनचा रेल्वेपूल ७ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्याच्या हाती आला. जर्मनांनी सुरुंग लावले होते, ते उडालेही. पण पूल पडला नाही. दहा दिवसांनी, १७ मार्च रोजी, तो कोसळला, आणि २८ अमेरिकन सैनिक त्या अपघातात दगावले. तो पूल पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्या काठावरील बुरुजांत १९८० सालापासून शांततेचे संग्रहालय आहे.

ही उदाहरणे दूरदेशची झाली. आपल्या शेजारी, गोमंतकात, १९६१ च्या डिसेंबरात जी मोहीम झाली तिच्या वृत्तांतातही पुलांची नावे वारंवार येतात: डिचोली, कोलवाळ, अस्नोडा, बाणस्तारी, खांडेपार, बोरी. परंतु हे जिंकलेले पूल नव्हेत. हे उडविलेले पूल आहेत. मग गोमंतकाच्या मुक्तीचे स्मारक शोधावयाचे ते कोठे, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी प्रथम तेथील नद्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

गोमंतकाच्या अगदी उत्तरेस पेडणे महाल. त्याच्या वरच्या अंगाला तेरेखोल नदी आणि खालच्या अंगाला शापोरा. सह्याद्रीतून तिळारी म्हणून उतरणारी नदीच गोमंतकात शापोरा होते व कोलवाळवरून समुद्राला मिळते. शापोऱ्याच्या दक्षिणेस बार्देश. बार्देशाच्या पूर्वेस डिचोली महाल. बार्देश पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकातच गेला. डिचोली त्यांच्या हाती आली ती १७८० नंतर, आणि पेडणे कायमचे गेले ते १७८८ साली. म्हणजे अडीचशे वर्षांच्या आसपास या नद्या दोन राज्यांमधल्या सीमा होत्या. सीमेवर कोणी पूल बांधीत नाही. तेथे कोट बांधतात. कोलवाळ आणि थिवी येथे पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात तेच केले. दोन्ही काठांवर एक सत्ता आल्यावरच कोलवाळला पुलाची गरज निर्माण झाली. पुढे पेडण्याचा शेतकरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला याच वाटेने जाऊ लागला.

आता १९६१ चा डिसेंबर पाहू. गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो व्हासालो ई सिल्व्हा यांच्यापाशी साडेतीन-चार हजारांहून अधिक फौज नव्हती. या फौजेने भारतीय सैन्याचा पराभव करावा अशी अपेक्षा लिस्बनलाही नसावी; अपेक्षा होती ती वेळ काढण्याची. जगात बोभाटा व्हावा आणि दरम्यान राजकीय दडपण यावे, एवढ्यासाठी काही दिवस टिकाव धरावयाचा. त्यासाठी दोन योजना आखल्या होत्या. ‘सेंतिनेला’ म्हणजे पहारेकरी या नावाच्या योजनेनुसार फौजेने लढत लढत मुरगावकडे मागे सरावयाचे होते. दुसरी अडथळ्यांची योजना: वाटेतील पूल उडवावयाचे आणि रस्त्यांवर सुरुंग पेरावयाचे. सुरुंगांचाच तुटवडा असल्यामुळे ही दुसरी योजना अर्धवट राहिली. १४ डिसेंबर रोजी लिस्बनहून पंतप्रधान सालाझार यांचा संदेश आला, त्यात शरणागतीला जागाच ठेवलेली नव्हती.

भारतीय बाजूस मेजर जनरल कँडेथ यांच्या अधिपत्याखाली सतरावी डिव्हिजन होती. मुख्य चढाई पूर्वेकडून, अनमोड-मोले मार्गाने, ६३ व्या ब्रिगेडने करावयाची होती. उत्तरेकडून येणाऱ्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडकडे मूळ बेतात दुय्यम कामगिरी होती. परंतु तिचे सेनानी ब्रिगेडिअर सगतसिंग यांनी आपली तुकडी अशा वेगाने पुढे काढली की पणजी गाठण्याचा मान तिच्याकडेच आला.

१८ डिसेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास तोफांचा मारा सुरू झाला. साडेचारला डिचोली माऱ्याखाली आली. चार वाजून चाळीस मिनिटांनी पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडविला. पाच वाजता शापोऱ्यावरील कोलवाळचा आणि अस्नोड्याचा, असे दोन पूल उडाले. सूर्य उगवण्यापूर्वीच उत्तर गोमंतकातील तीन महत्त्वाच्या वाटा तुटल्या होत्या. पुस्तकी हिशेबाने पाहिले तर सैन्य तेथेच अडून पडावयास हवे होते.

प्रत्यक्षात काय झाले? ब्रिगेड तीन फळ्यांनी आत आली. दुसरी पॅरा मराठा उसगावच्या दिशेने फोंड्याकडे निघाली, पहिली पॅरा पंजाब बाणस्तारीच्या रोखाने गेली, आणि दुसरी शीख लाइट इन्फन्ट्री रणगाड्यांसह साडेसहाच्या सुमारास सरहद्द ओलांडून थिवीच्या वाटेस लागली. दुपारी दीडला पोर्तुगीजांनी बाणस्तारीचाही पूल उडविला. तो कुंभारजुव्याच्या खाडीवर असल्यामुळे पणजीचा रस्त्याचा संबंध संपूर्णपणे तुटला. आणि तरीही त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास भारतीय रणगाडे मांडवीच्या काठी, पणजीच्या समोर, बेतीला पोहोचले होते! उडालेले पूल आणि पेरलेले सुरुंग मागे टाकीत शीख पलटणही रात्री नऊपर्यंत तेथे आली. पहिला पूल उडाल्यापासून बेतीपर्यंत साडेतेरा तासही लागले नाहीत.

याचे कारण उघड आहे. पूल उडविणे हे अर्धे काम असते. उरलेले अर्धे म्हणजे तुटलेल्या पुलावर काठावरून बंदुका रोखून बसणे. ज्या पुलामागे पहारा नाही, तो पूल शत्रूला तासभर अडवील, दिवसभर नव्हे. डिसेंबरात लहान नद्यांचे पावसाळी पाणी ओसरलेले असते आणि त्यांना उतार सापडतात. हे उतार कोणत्या हंगामात किती खोल, हे गावच्या माणसाला ठाऊक असते. आणि गावची माणसे येथे सैन्याच्या विरुद्ध नव्हती. शिवाय दोडामार्गहून अस्नोडा-थिवीकडे येणाऱ्याला शापोरा ओलांडावीच लागत नाही. म्हणजे कोलवाळचा पूल उडाल्याने त्या चढाईला फारशी बाधा आली नाही. पेडण्याचा मात्र बार्देशाशी असलेला संबंध एका क्षणात तुटला. पूर्वेकडेही हाच अनुभव आला. खांडेपारचा पूल तुटलेला पाहून ६३ व्या ब्रिगेडचे सैनिक नदीतून चालत पलीकडे गेले, आणि बोरीचा पूल उडविलेला असताही त्यांनी मडगाव गाठले.

खरा अडथळा होता तो मांडवीचा, आणि तेथे उडवावयाला पूलच नव्हता. बेती ते पणजी हा प्रवास तोवर पाण्यातूनच होत असे. त्या रात्री पणजीहून ग्रेगोरियो माग्नो आंताव हा गोमंतकीय गृहस्थ मांडवी ओलांडून युद्धबंदीचे पत्र घेऊन बेतीला आला. ते पत्र सातव्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांच्या हाती पडले. पुढे त्याच रात्री आग्वादच्या किल्ल्यात राष्ट्रवादी कैदी अडकून पडले असल्याचे समजले, आणि त्यांना सोडविण्यासाठी मेजर सिद्धू किल्ल्यावर गेले. आतून गोळीबार झाला, त्यात मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सहगल हे दोघे धारातीर्थी पडले. दिवसभर तुटलेल्या पुलांवरून सुखरूप आलेले हे अधिकारी मुक्तीच्या उंबरठ्यावर गेले, हे विसरणे योग्य होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शीख पलटणीच्या दोन कंपन्या मांडवी पार करून पणजीत शिरल्या. आणि १९ डिसेंबरच्या रात्री व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. लिस्बनने त्यांना क्षमा केली नाही. १९६३ साली ते सैन्यातून बडतर्फ झाले, आणि पोर्तुगालात क्रांती झाल्यावर १९७४ साली त्यांना त्यांचा दर्जा परत मिळाला. १९८० साली ते पुन्हा गोव्यात आले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांचे आदराने स्वागत केले.

आता स्मारकांकडे वळू. पेडणे महालाच्या सरहद्दीवर, बांद्याहून गोव्यात शिरणाऱ्या रस्त्यावर, पत्रादेवी हे ठिकाण आहे. तेथील हुतात्मा स्मारक १९६१ च्या मोहिमेचे नव्हे. ते आहे १५ ऑगस्ट १९५५ चे. त्या दिवशी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तीन ते पाच हजार निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या ठिकाणी सरहद्द ओलांडून आत शिरू लागले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबचा तरुण कर्नेलसिंग होता. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, तेरेखोलच्या किल्ल्यावर मूठभर सत्याग्रह्यांनी तिरंगा फडकविला होता. तो किल्लाही पेडण्याचाच. आणि अस्नोडा? तेथील पूल उडाला त्याच्या सुमारे सात वर्षे आधी त्याच गावचा बाळा राया मापारी पोलीस कोठडीत छळ सोसून मरण पावला होता. गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील पहिला हुतात्मा म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बेनूव्हिल आणि रेमागेन येथील स्मारके सैन्याच्या पराक्रमाची आहेत, आणि ती योग्यच आहेत; कारण तेथे मुक्तीची वाट पुलावरूनच गेली. पेडणे-डिचोलीच्या भागात सैन्य आले तेव्हा ते अनोळखी प्रदेशात आले नाही. निःशस्त्र माणसांनी ती वाट आधीच, जीव देऊन, मळवून ठेवलेली होती. डिचोली, कोलवाळ आणि अस्नोडा येथील पूल सैन्याला अडवू शकले नाहीत, याचे एक कारण डिसेंबरातले उथळ पाणी हे आहे, तर दुसरे कारण पत्रादेवीला आहे. ज्या राज्याला आपल्या पुलांच्या दोन्ही काठांवर आपली माणसे उरलेली नाहीत, त्याने पूल उडविले काय आणि ठेवले काय, फरक थोडाच पडतो. उडविलेल्या पुलांचा त्रास झाला तो लष्कराला थोडा आणि बाजाराला, रुग्णाला, शाळेच्या मुलाला अधिक.

म्हणून गोमंतकाचे मुख्य स्मारक सरहद्दीवर उभे आहे, पुलावर नाही, यात काही वावगे झाले असे नव्हे. तथापि पुलांचा इतिहास सर्वस्वी पुसला जावा, हेही बरोबर नाही. मुक्तीनंतर गोमंतकात पुष्कळ पूल झाले. मांडवीवर १९७० साली नेहरू सेतू झाला. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि पुन्हा नवा बांधावा लागला. २०१९ साली त्याच नदीवर अटल सेतू झाला. कोलवाळहून आज महामार्ग जातो आणि मोटारी क्षणभरात शापोरा ओलांडतात. त्यांत बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल की एका पहाटे पाच वाजता येथील रस्ता पाण्यात कोसळला होता?

अशा ठिकाणी फार मोठे काही उभारावे असे नाही. पुतळा नको, कमान नको. डिचोलीला, अस्नोड्याला, कोलवाळला आणि बाणस्तारीला पुलाच्या तोंडाशी एकेक साधा दगड असावा. त्यावर तारीख आणि वेळ कोरावी: १८ डिसेंबर १९६१, पहाटे चार चाळीस, पहाटे पाच, दुपारी दीड. त्याखाली एवढेच लिहावे की येथील पूल मागे सरणाऱ्या राजवटीने उडविला आणि लोकांनी तो पुन्हा बांधला. जवळच्या शाळेतील मास्तरांनी वर्षातून एकदा मुलांना तेथे आणावे, नदीचा जुना उतार कोठे होता ते दाखवावे, आणि मग त्यांना घेऊन पत्रादेवीला जावे. या दोन्ही जागा एका दिवसात पाहून होतात. आणि त्या एकत्र पाहिल्याखेरीज त्या वर्षांचा इतिहास नीट कळत नाही.