भाड्याच्या वाहनाने महाबळेश्वर

हिवाळ्यात दोन दिवसांची सवड काढून, भाड्याची मोटार ठरवून पसरणीच्या घाटाने महाबळेश्वर गाठण्याचा जो प्रघात आज सर्वत्र रूढ आहे, त्याचे मूळ मोटारीच्या आगमनापूर्वीच्या व्यवहारात आहे. 1829 साली गव्हर्नर माल्कम याने छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून, खंडाळा गावाच्या मोबदल्यात, हा डोंगर कंपनी सरकारकडे घेतला आणि तेथे पेठ वसली. पण वर जायचे म्हणजे पालखी, मेणा किंवा घोडे, आणि भोयांचा बंदोबस्त आगाऊ करणे प्राप्तच होते.

पुढे लोहमार्ग वाठारपर्यंत आला आणि तेथून वाईमार्गे सुमारे 40 मैलांचा प्रवास भाड्याच्या टांग्याने होऊ लागला. या टांग्याकडे मी विशेष आदराने पाहतो. दोन चाके, पाठीला पाठ लावून बसलेले उतारू, तट्टांच्या जोडीच्या पाठीवरून आडवी गेलेली दांडी, आणि टप्प्याटप्प्यावर दमलेली जोडी सोडून ताजी जुंपण्याची सोय, अशी ती चोख व्यवस्था होती. घाटरस्त्याचा प्रवास सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात प्रथम आणला तो तिनेच.

सरकारी वर्दळ मात्र उन्हाळ्याचीच असे. वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत पहाटेचे दव क्वचित गोठते, आणि तेवढ्यासाठी माणसे मुद्दाम हिवाळ्यात येतात, ही रसिकता अलीकडची. मला ती अधिक सुसंस्कृत वाटते, कारण त्या दिवसांत हवा निवळून कोयनेचे खोरे दूरवर दिसते.